बारापुढचे आकडे

चपला दाराशी काढा आणि वाकून आत या. चौकट ठेंगणी आहे, शहरातल्या माणसाचं कपाळ इथं हटकून आपटतं. साल 1990 च्या आसपासचं, दिवस श्रावणाचे, गाव गडचिरोली जिल्ह्यातलं. नाल्याला पूर असल्यानं दोन दिवस एसटी आलेली नाही. डोळे अंधाराला सरावले की चुलीपलीकडे बसलेली आई दिसेल. तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं मूल आहे आणि ते रडत नाही. रडायला दम लागतो. याचा सगळा दम नुसता श्वास ओढण्यात जातोय.

"पाय नं मावशी, पोरगं कसं करून राह्यलं."

मावशी म्हणजे गावची सुईण. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करणारी. ती पिशवीतून एक छोटं उपकरण काढते. त्यात बरोबर एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आहे आणि सोबत मण्यांच्या दोन ओळी, लहानपणीच्या पाटीवर असायच्या तशा. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. मावशी झबलं वर करते, घड्याळ उलटं ठेवते आणि पोटाकडे बघत राहते.

तुम्हीही मोजायला लागा. सदतिसाशी तुमची गडबड होईल, कारण बाळ मध्येच कण्हेल आणि छपरातून एक थेंब मानेवर पडेल. मावशीची गडबड होत नाही, कारण सदतिसापर्यंत जायची तिला गरजच नाही. तिचे आकडे बारापुढे अडखळतात, पण दहापर्यंत पक्के आहेत. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. मोठ्या बाळाच्या ओळीत पाचवा मणी लाल. वाळू संपायच्या आत तो सरकला तर न्यूमोनिया.

लाल मणी सरकतो. वरच्या भांड्यात वाळू अजून आहे.

मावशी झबलं खाली ओढते आणि पिशवीतून को-ट्रायमोक्साझोलची बाटली काढते. कुठल्याही शहरातल्या बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत जे व्हायला हवं, ते इथं चुलीपाशी होऊन गेलं. नाल्याचा पूर तसाच आहे.

आता चार वर्षं मागे सरका, गडचिरोली गावात. जिल्हा होऊन चारच वर्षं झाली आहेत. 1982 मध्ये तो चंद्रपुरातून वेगळा निघाला. एका गोदामात, जिथं आधी तेंदूपत्ता साठवायचे, तिथं 'सर्च' या संस्थेचं काम सुरू होतंय. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून इथं आलेत. तो फिजिशियन, ती स्त्रीरोगतज्ज्ञ. लहान मुलांचा डॉक्टर दोघांपैकी कोणीच नाही, आणि मला राहून राहून वाटतं की बरंच झालं. असता तर त्यानं आधी वॉर्ड बांधला असता, खाटा मागवल्या असत्या आणि त्या खाटांवर कोणी येत का नाही म्हणून लोकांच्या अडाणीपणाला बोल लावला असता.

मावशीच्या मण्यांमागचं या दोघांचं काम 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. श्वसनाच्या संसर्गानं आजारी पडलेल्या मुलांत दगावण्याचं प्रमाण, जिथं गावातच औषध मिळालं तिथं 0.8 टक्के, जिथं नाही तिथं 13.5 टक्के. पण एक गोष्ट उरलीच. मेलेल्या बाळांपैकी पुष्कळ जण पहिला महिनाच बघत नव्हते. नाव ठेवायच्या आधी गेलेलं बाळ ना सरकारी वहीत, ना घरच्यांच्या बोलण्यात.

म्हणून पुढे चला, 1995 च्या थंडीत. रात्र आहे. या भागात शंभरातली पंच्याण्णव बाळंतपणं घरीच होतात. बाळ जमिनीवर आलंय आणि वार पडेपर्यंत तिथंच राहणार, कारण सुईणीचं सगळं लक्ष आईकडे. दिव्याच्या उजेडात बाळाकडे बघणारी एकच बाई आहे. ती याच गावची, थोडी शाळा शिकलेली. तिला आरोग्यदूत म्हणतात. तिची नजर मनगटावरच्या घड्याळावर आणि बाळाच्या छातीवर आळीपाळीनं जाते. मग ती बाळाला पुसते, गुंडाळते, झोळीत घालून काट्याला टांगते. काटा हलतो, डुलतो, थांबतो. तुम्ही श्वास रोखलेला असतो. एक किलो नऊशे.

ती लिहून घेते. पहिलं वर्ष मुख्यतः बघायचं आणि लिहायचं. हे वर्ष वाचताना मी दर वेळी अवघडतो. पण घराच्या आत, पहिल्या अठ्ठावीस दिवसांत काय होतं, हे त्याआधी इतक्या बारकाईनं कोणी बघितलंच नव्हतं. 39 गावं, 763 बाळं. बेचाळीस टक्के कमी वजनाची. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, डॉक्टरपर्यंत पोचली 2.6 टक्के. दवाखान्यात भरती झाली हजारात चार.

1996 नंतर पिशवीत सुई येते. तीच बाई, तसंच घर, दुसरं बाळ. कालपर्यंत ते दूध ओढत होतं, आज तोंड उघडत नाही, हातपाय लुळे पडलेत. रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची ही लक्षणं तिला पाठ आहेत. घरच्यांची संमती घेऊन ती जेंटामायसिन भरते. मांडी तुमच्या अंगठ्याहून फार जाड नाही. आई तोंड फिरवते. सासू फिरवत नाही.

शहरातल्या डॉक्टरांना हे पटणं कठीण होतं. चार बुकं शिकलेल्या बाईच्या हाती नवजात बाळाची सुई! प्रश्न खोटा नव्हता. उत्तर वह्यांमध्ये होतं: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत पूर्वी 16.6 टक्के दगावत, आता 2.8. डिसेंबर 1999 च्या 'लॅन्सेट'मध्ये पूर्ण हिशेब आला. शेजारच्या 47 गावांशी ताडून पाहता नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले होते.

शेवटचा मुक्काम 2011 नंतरचा, आणि तो देशातल्या कुठल्याही खेड्यात असू शकतो. केंद्र सरकारनं घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांच्या हाती दिलाय. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्याच दिवशी, मग 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी भेट. काटा आला, थर्मामीटर आला. सुई मात्र आशाच्या पिशवीत आली नाही. दिल्लीला तेवढा भरवसा वाटला नसावा.

पण आपण गडचिरोलीतच थांबू, त्याच ठेंगण्या चौकटीच्या घरात. आज अठ्ठाविसावा दिवस. आशा काटा अडकवते आणि आकडा मोठ्यानं सांगते, म्हणजे आतल्या खोलीतही ऐकू जावा. भिंतीला टेकून म्हातारी मावशी बसलीय, मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले. बाळ तिच्या मांडीवर ठेवतात. ती काही बोलत नाही, पंजा त्याच्या पोटावर ठेवते. ओठ हलताना दिसतात. दहा झाले की तिचा अंगठा हवेत थोडा डावीकडे सरकतो.