एका खोट्या उत्तराची किंमत

एकाने मनात काही धरावे, दुसऱ्याने प्रश्न विचारून ते ओळखावे. उत्तर मात्र 'होय' किंवा 'नाही' एवढेच. हा खेळ आपण सर्वांनी लहानपणी खेळलेला असतो. हंगेरीत त्याला 'बार कोखबा' म्हणतात. इ. स. १३२ ते १३५ या काळात ज्यूंनी रोमन सत्तेविरुद्ध केलेल्या उठावाचा हा नेता. आख्यायिका अशी, की रोमनांनी त्याच्या एका हेराची जीभ आणि हात छाटून त्याला परत पाठवले. त्याला बोलता येईना, लिहिताही येईना. तेव्हा बार कोखबाने असे प्रश्न विचारले, की नुसत्या मानेच्या हालचालीने उत्तर देता यावे.

खेळाचे गणित सोपे आहे. चांगला प्रश्न उरलेल्या शक्यता निम्म्यावर आणतो. वीस वेळा दुप्पट केले, की १०,४८,५७६ ही संख्या येते. म्हणून १ ते १० लाख यांमधली कोणतीही संख्या वीस प्रश्नांत हुडकता येते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे मापन मांडले, त्यातील 'बिट' म्हणजे असे एक होय-नाहीचे उत्तर होय.

या सगळ्यात एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो: हेर प्रामाणिक आहे. तो खोटे बोलला तर?

हा प्रश्न दोघांनी स्वतंत्रपणे विचारला. बुडापेस्टचे गणिती आल्फ्रेड रेन्यी यांनी १९६१ साली उत्तरे चुकीची असण्याच्या शक्यतेचा विचार केला. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या माहितीसिद्धान्तावरील पुस्तकात 'खोट्यासह बार कोखबा' असा खेळच मांडलेला आहे. स्टानिस्वाव उलाम यांनी १९७६ सालच्या आत्मचरित्रात हेच विचारले: दहा लाखांतील एक संख्या ओळखायची आहे आणि उत्तर देणाऱ्याला एकदा खोटे बोलण्याची मुभा आहे, मग प्रश्न किती लागतील?

प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा, उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा, असे प्रथम सुचते. त्या हिशेबाने ४१ प्रश्न लागू शकतात. पण नेमके उत्तर आहे २५. चोवीस प्रश्न का पुरत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक संख्येमागे उत्तरांच्या २५ माळा संभवतात: एक संपूर्ण खरी आणि उरलेल्या २४ माळांत कुठेतरी एक असत्य. दहा लाख संख्यांच्या झाल्या अडीच कोटी माळा. होय-नाहीच्या चोवीस उत्तरांच्या माळा मात्र १,६७,७७,२१६ एवढ्याच. पंचविसाव्या प्रश्नाने त्या ३,३५,५४,४३२ होतात आणि लागतात २ कोटी ६० लाख. जागा पुरते, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. प्रश्नांची योग्य रचना खरोखर करता येते, हे आंद्जेय पेल्त्स यांनी १९८७ साली सिद्ध केले. एका असत्याची किंमत पाच प्रश्न!

असत्ये वाढत गेली तर? जोएल स्पेन्सर आणि पीटर विंकलर यांनी १९९२ साली सीमा आखून दिली. एकूण उत्तरांपैकी एक तृतीयांश खोटी असण्याची मुभा असेल, तर कितीही चतुराईने आणि कितीही प्रश्न विचारले तरी सत्य हाती लागण्याची शाश्वती उरत नाही. त्या सीमेच्या अलीकडे मात्र चिकाटीला यश आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्या दोघांची आयुष्ये आठवली, की खेळ एवढा निरागस वाटत नाही. पोलंडमधल्या ल्वूफचे उलाम १९३९ साली धाकट्या भावासह अमेरिकेला निघाले. मागे राहिलेले वडील आणि बहीण नाझी नरसंहारात मारले गेले. रेन्यी १९४४ साली सक्तीच्या मजुरीतून निसटले आणि बनावट कागदपत्रांवर लपून राहिले. सैनिकाचा गणवेश मिळवून ते बुडापेस्टच्या घेट्टोत गेले आणि आईवडिलांना तेथून बाहेर घेऊन आले. त्या शहरात ओळखली जाऊ नये अशी गुप्त गोष्ट ते स्वतःच होते, आणि पहारेकऱ्यांना खोटे उत्तर देण्यावरच तीन जीव अवलंबून होते.

यावरून त्यांच्या गणिताचा उगम शोधणे अतिरेकाचे ठरेल. तरीही हेर नेहमी खरेच बोलेल असे गृहीत धरण्याची सवलत या पिढीला मिळाली नव्हती, एवढे म्हणता येईल. असत्य पुसून टाकता येत नाही हे मान्य करून, त्याची मर्यादा किती आणि किंमत किती, हे त्यांनी विचारले. खेळाच्या इतिहासात हेच पाऊल मला सर्वांत मोलाचे वाटते.