दार लागलं की नाही?

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी दुपारी शाळेतून घरी येत होतो. कर्वे रस्त्यावरून गाडी उजवीकडे वळवली आणि मागचं डावं दार सताड उघडलं. सीटवर ठेवलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरंगळत रस्त्यावर गेला. गठ्ठ्याशेजारी बसलेली सात वर्षांची भाची गेली नाही, कारण तिच्या आईनं तिचा दंड वेळेवर पकडला.

गाडी सेकंडहँड. कोणत्या कंपनीची ते सांगण्याचं कारण नाही. बारा वर्षं वापरलेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं. लाज वाटण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्याआधी तीन महिने मी या गाडीच्या 'लॉक'मागे लागलो होतो. पुढच्या दारात किल्ली अडकायची, म्हणून शिसपेन्सिलीची पूड घालून पाहिली, नवी किल्ली करून घेतली. मागचं दार दोनदा आपटावं लागतं, छतातला दिवा कधी कधी विझतच नाही, हेही दिसत होतं. बॅटरी उतरते म्हणून मी त्या दिव्याचा बल्बच काढून टाकला होता! चोर आत येऊ नये याची एवढी काळजी घेतली आणि आतलं माणूस बाहेर पडू नये याचा विचारच केला नाही. पुढे या विषयावर वाचू लागलो तेव्हा दिसलं, की मोटारीच्या दाराचा इतिहासही याच क्रमानं घडला आहे.

घोटाळ्याचं मूळ शब्दात आहे. मोटारीच्या बाबतीत आपण दोन वेगळ्या यंत्रणांना एकच नाव देतो: 'लॉक'. जुन्या वाड्यांत असा गोंधळ नव्हता. दार मिटलेलं ठेवायला कडी-कोयंडा किंवा अडसर. परक्याला ते उघडता येऊ नये म्हणून कुलूप. शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात बांधला गेला. त्याच्या दिल्ली दरवाजासारखा दरवाजा बळानं उघडायचा तर त्याचे खिळे, जाड फळ्या आणि आतला आडवा अडसर यांच्याशी गाठ पडणार. अडसराला किल्ली नसते. तो फक्त आतूनच सरकवता येतो, म्हणजे तो लावायला कोणीतरी आत हवं. सगळे बाहेर गेले की मग कुलपाची गरज पडते.

कुलपाचा इतिहास म्हणजे कारागीर आणि चोर यांच्यातली शर्यत. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे लंडनमधल्या दुकानाच्या खिडकीत ते टांगून, किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस जाहीर झालं. कित्येक दशकं ते कोणाला उघडता आलं नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपकारानं ते उघडलं. सोळा दिवसांत विभागून त्याला एकूण ५१ तास लागले. पुढच्या दशकात, १८६१ आणि १८६५ साली, लायनस येल (धाकटा) यानं दट्ट्यांच्या कुलपाची पेटंटं घेतली. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपात खुंट्या वजनानं खाली पडून दार अडवत. येलनं तीच कल्पना बोटाएवढ्या पितळी नळीत बसवली आणि वजनाच्या जोडीला स्प्रिंग दिली. आपल्याकडे मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. स्प्रिंग थकते आणि कुलूप दगा देतं हे ओळखून त्यांनी स्प्रिंग न लागणाऱ्या कुलपाचं पेटंटही घेतलं.

मोटारीच्या दारातलं किल्लीचं कुलूप हे येलच्या कुलपाचं स्वस्त भावंड. त्यात दट्ट्यांऐवजी पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीत चौकोनी खिडकी आणि बाजूला इवलीशी स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पट्ट्या नळीच्या कडेशी बरोबर सपाट येतात आणि नळी फिरते.

इथे वर्गात करण्याजोगं एक गणित आहे. समजा, कुलपात पाच पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीसाठी किल्लीवर चार वेगवेगळ्या खोलींच्या खाचा शक्य आहेत. मग वेगळ्या किल्ल्या किती? चाराचा पाचवा घात, म्हणजे १,०२४. पण दोन खोलींमधला फरक असतो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वर्षानुवर्षांच्या घर्षणानं किल्ली आणि पट्ट्या दोन्ही झिजतात. शेजारशेजारच्या दोन खोलींमधला फरक कुलपाला कळेनासा झाला, की चाराचे उरतात दोन, आणि दोनाचा पाचवा घात फक्त ३२. अशाच झिजलेल्या, एकाच जातीच्या ३३ गाड्या रांगेत उभ्या केल्या, तर त्यांतल्या निदान दोन तरी एकमेकींच्या किल्लीनं उघडणारच. जुन्या फियाटला शेजारच्या फियाटची किल्ली लागते, असं लोक चेष्टेनं म्हणत. त्यामागे हे गणित आहे.

आता दुसरी यंत्रणा, जिच्याकडे उशिरा लक्ष गेलं. अगदी सुरुवातीच्या मोटारींना दारंच नव्हती. पुढे धूळ-वाऱ्यापासून आडोसा म्हणून ती आली आणि बंद टपाच्या गाड्या १९२० च्या दशकात रुळल्या. दार मिटलेलं ठेवायला त्यांत घरच्या दाराचीच युक्ती वापरली गेली: तिरप्या तोंडाचं एक बोट खांबावरच्या खाचेत शिरतं. घराच्या चौकटीत ही युक्ती उत्तम चालते, कारण भिंत हलत नाही. मोटारीची चौकट मात्र धडकेत पिळवटते, दार आणि खांब यांच्यातली फट रुंदावते आणि बोट खाचेतून सहज निसटतं.

त्यातून काही गाड्यांची पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरलेली असत. आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जाणारी १९५० च्या दशकातली गुबगुबीत फियाट तशी होती. चढायला-उतरायला सोय फार; पण धावत्या गाडीत कडी निसटली तर वारा ते दार मिटवण्याऐवजी उलट फेकून देई. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बनवलेल्या ११०० डी या मॉडेलची, म्हणजे पुढच्या 'पद्मिनी'ची दारं पुढच्या बाजूला बिजागरलेली होती. हा आराखडा इतका टिकला, की मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी करून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली.

कडी हा जीवनमरणाचा भाग आहे हे पटवून देणाऱ्यांत ह्यू डीहेवन हा माणूस महत्त्वाचा. १९१७ साली वैमानिकाचं शिक्षण घेताना त्याच्या विमानाची हवेत टक्कर झाली. त्याच्या पोटात गंभीर इजा झाली, पण तो वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यानं सोडला नाही. उंचावरून पडूनही जगलेल्या लोकांच्या नोंदी जमवून, ५० ते १५० फुटांवरून पडणाऱ्यांचं यांत्रिक विश्लेषण त्यानं १९४२ साली प्रसिद्ध केलं. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्याच्या पुढाकारानं मोटार-अपघातांच्या नोंदींचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

१९५२ च्या एका निबंधात त्यानं मोटारीकडे माल बांधणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं. आपण हापूसच्या पेटीचं उदाहरण घेऊ. पेटी उघडून आंबे सांडता कामा नयेत. आंबे आत हलू नयेत म्हणून गवत हवं. पेटीच्या आतून टोकदार खिळा वर आलेला नसावा. यातली पहिली अट म्हणजे दाराची कडी. ('गवत', म्हणजे सीटचा पट्टा, सर्वांपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं गेली.) अपघातांच्या नोंदी सांगत होत्या, की गाडीबाहेर फेकल्या गेलेल्या माणसाच्या मृत्यूचा धोका आत राहिलेल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. त्या काळी समज मात्र उलटा होता: धडकेत बाहेर फेकलं गेलेलं बरं! आजही हा समज ऐकू येतो.

अमेरिकेत १९५६ च्या मॉडेलांपासून खांबाला पकडून ठेवणाऱ्या नव्या कड्या आल्या. त्यांनी दारं उघडण्याचं प्रमाण कमी झालं, थांबलं मात्र नाही. १९६८ पासून तिथे कड्यांच्या ताकदीचा नियमच झाला. दार पूर्ण लागलेलं असताना कडीनं सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे साधारण ११०० किलो वजनाइतकी ओढ सोसली पाहिजे. अर्धवट लागलेल्या स्थितीत मात्र अपेक्षा सुमारे ४४५० न्यूटनची, म्हणजे जेमतेम चाळीस टक्के. आपल्याकडे दाराच्या कड्या-बिजागऱ्यांसाठी भारतीय मानक १४२२५ हे १९९५ सालचं. नव्या वाहनांना मान्यता देण्याआधी चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, १९६६ सालापासूनची आणि पुण्याचीच. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे अनेकजण टेकडीला तिच्याच नावानं ओळखतात.

'अर्धवट लागलेली स्थिती' म्हणजे काय, ते मला नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये कळलं. कारागिरानं दार उघडं ठेवून त्याच्या कडेच्या फटीतला लोखंडी पंजा दाखवला आणि स्क्रू-ड्रायव्हरनं तो आत ढकलला. 'टक'. आणखी ढकलला. पुन्हा 'टक'. पहिल्या टकेला दार मिटल्यासारखं दिसतं, खरं लागतं ते दुसऱ्या टकेला. "सर, तुमचं दार रोज एकाच टकेवर होतं," तो म्हणाला. छतातला दिवा हेच सांगत होता. तुम्ही हा प्रयोग करून पाहाल तर एक ध्यानात ठेवा: दार मिटण्याआधी मूठ ओढून पंजा परत मोकळा करा. नाहीतर बंद पंजा खांबावरच्या खुंट्यावर आदळेल.

दोष पंज्यात नव्हताच. बिजागरीची खीळ झिजून दार किंचित खाली बसलं होतं आणि पंजा खुंट्याच्या खालच्या कडेला घासत होता. तसा चकचकीत ओरखडाही होता. जुनी गाडी घेताना हे पाहायला काही लागत नाही. दार अर्धं उघडून त्याचं मोकळं टोक दोन्ही हातांनी वर उचला. दार गाडीच्या अंगापासून सुटं हललं तर बिजागरी गेली. त्यानं खीळ बदलली, खुंटा जागेवर आणला आणि पंज्यात ग्रीस भरलं. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस किंवा तेल घालू दिलं नाही. त्याला धूळ चिकटते.

हल्लीच्या गाड्यांत बटण दाबताच चारही दारं बंद करणाऱ्या छोट्या मोटरी असतात. एखादंच दार ऐकेनासं झालं, की लोक आधी ती मोटर बदलतात. दोष पुष्कळदा बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या तारांत असतो. दार दिवसातून दहा वेळा उघडलं तर दहा वर्षांत तार ३६,५०० वेळा वाकते आणि सरळ होते. पेपरक्लिप पुढे-मागे वाकवत किती वेळात तुटते, हे मुलांना मोजायला सांगा म्हणजे धातूचा थकवा वेगळा शिकवावा लागणार नाही.

उत्तरपत्रिका सगळ्या मिळाल्या. एकीवर टायरची खूण आहे. बल्ब परत बसवला आहे. भाची गाडीत बसली की दार ओढून मोठ्यानं "दोन!" म्हणते, त्यानंतरच मी गाडी सुरू करतो. किल्ली अजूनही अडकते.