होडीवर चढवायचे कापड

कापड : येथे काचतंतूंचे विणलेले कापड अभिप्रेत आहे. चाकण-भोसरी पट्ट्यातले एफआरपीचे (काचतंतू-प्लास्टिकचे) कारखाने साच्यावर अंथरतात ती मॅट वेगळी. नेहमीच्या मॅटमधला चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही. त्यामुळे इपॉक्सीत मॅट ताठ राहते, होडीच्या वळणावर नीट बसत नाही.

होडीच्या लाकडाला मात्र इपॉक्सीच घट्ट धरते, म्हणून कापड विणलेलेच घ्यावे. छोट्या होडीला चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या आसपासचे पुरते. नीट भिजले की ते पारदर्शक होऊन खालच्या लाकडाच्या रेषा दिसतात. पांढुरका डाग उरला तर तिथे रेझिन पोचलेले नाही.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतही लाकूड आणि काचतंतूंची हीच जोडी : गाभा लाकडाचा, वर काचतंतूंचे कवच. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.