तिरुमळवाडीची भेट आणि जिंजीची रसद

आज दोन भावांची गोष्ट सांगतो. वडील एक, आया वेगळ्या आणि मध्ये वडिलांच्या जहागिरीची वाटणी. थोरले शिवाजी महाराज, धाकटे व्यंकोजीराजे.

यंदा आमच्या कुटुंबाचा मेळावा तंजावरला भरला. इंदूर, नागपूर, बंगळूर, चेन्नई इथून एकवीस माणसं जमली. तंजावरच का? राजराज चोळाच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास चक्क मराठीत कोरला गेला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आमच्या नातवंडांनी तो एकेक अक्षर लावत वाचला. सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं आणि मग कोल्लिडम नदीच्या उत्तर काठावरच्या तिरुमळवाडीला गेलो.

इथे १६७७ च्या जुलैत दोघे भाऊ भेटले. शहाजीराजे १६६४ साली गेले. त्यानंतर तेरा वर्षं कर्नाटकातली सगळी मिळकत व्यंकोजीराजांकडेच होती. महाराजांनी आपला वाटा मागितला. बोलणी काही दिवस चालली, पण निकाल लागेना. एका रात्री व्यंकोजीराजे गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. पुढे त्यांच्या फौजेनं महाराजांच्या फौजेवर हल्लाही केला. त्यात त्यांचा पराभव झाला.

ही गोष्ट इथेच संपली असती, तर भाऊबंदकीचा आणखी एक दाखला म्हणून राहिली असती. पण व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाईंनी नवऱ्याची समजूत घातली आणि तह झाला. जिंकलेल्या बाजूनं पराभूत भावाला उघड्यावर काढलं नाही. तंजावर व्यंकोजीराजांकडेच राहिलं. बंगळूरकडचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला.

आता फौजी माणूस म्हणून पुढचं सांगतो. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीला पोचले. हा किल्ला शिवाजी महाराजांनी त्याच १६७७ च्या मोहिमेत घेतला होता. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन डोंगरांना जोडणारी तटबंदी पाहिली, की वेढा घालणाऱ्याची पंचाईत लगेच कळते. एवढा घेर आवळायला माणसं किती लावायची?

तरीही नुसत्या तटानं किल्ला आठ वर्षं टिकत नाही. त्याला रसद लागते आणि बाहेरून मारा करणारी फौज लागते. फौज संताजी घोरपडे आणि धनाजी जाधवांची होती. १६९२ च्या अखेरीस त्यांनी मोगलांची अशी कोंडी केली, की जुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशला मागं जावं लागलं. आणि मदत येत होती तंजावरहून, व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्याकडून. ही मदत मोगलांना इतकी खुपली, की १६९४ मध्ये खान तंजावरवर चालून गेला आणि शहाजीराजांना खंडणी कबूल करावी लागली.

१६९८ च्या आरंभी जिंजी पडली, पण त्याआधी राजाराम महाराज निसटले होते. मोगलांच्या हाती किल्ला आला, राजा आला नाही. त्या आठ वर्षांत मराठ्यांची लढाई चालू राहिली. बाप वाटणीवरून लढले, तरी संकटात चुलत्याचा मुलगा चुलत्याच्या मुलाच्या मदतीला उभा राहिला. तहात दार उघडं ठेवलं, म्हणून हे घडू शकलं.

हे सगळं मी नदीकाठी सांगत होतो. आमच्यातही गावच्या वाड्यावरून नऊ वर्षं न बोलणारे दोन चुलतभाऊ आहेत. दोघेही ऐकत होते. कुणी गळ्यात गळा घातला नाही. फक्त इंदूरची वहिनी म्हणाली, "भावोजी, आपल्याकडे दीपाबाईच कुणी झाली नाही." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मंडळी, तुमचा गोतावळाही चार राज्यांत विखुरलेला असेल, तर एकदा या वाटेनं जा. आधी तंजावर, मग तिरुमळवाडी, शेवटी जिंजी. राजगिरी सुमारे ८०० फूट उंच आहे. पहाटेच चढायला लागा, पाणी सोबत घ्या. वडीलधाऱ्यांना पायथ्याशी कल्याण महाल आणि धान्याची कोठारं दाखवा. मुलांना लढाया सांगाच, पण तहही सांगा. लढाई कोण जिंकलं हे सगळ्यांना पाठ असतं. पुढच्या पिढीच्या कामी मात्र तह येतो.

जय हिंद.