इंग्रजीतील कालवाचक शब्दयोगी अव्यये

घटना कधी घडते हे सांगताना वेळ, वार, तारीख, महिना यांच्या आधी येणारे ॲट, ऑन, इन हे इंग्रजी शब्द. शालेय व्याकरणात ते कालखंडाच्या लांबीनुसार शिकवले जातात : घड्याळी वेळेला ॲट, दिवसाला ऑन, महिना व वर्षाला इन. ही उतरंड लक्षात ठेवायला सोपी, पण अपुरी आहे. सकाळ दिवसाहून लहान असूनही तिला इन लागते. त्यामुळे लांबीपेक्षा कॅलेंडरमधला दिवस हा अधिक भरवशाचा निकष ठरतो. वाक्यात ठरावीक दिवस आला की ऑन. तो नसेल, तर क्षणाला ॲट आणि अवधीला इन. म्हणून ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ऑन मंडे मॉर्निंग’. उज्जैनचा मागचा सिंहस्थ ‘इन 2016’ भरला आणि ‘इन एप्रिल’ सुरू झाला. 22 एप्रिल म्हटले की मात्र ‘ऑन’.

मराठीभाषक अडखळतो तो सप्तमीमुळे. ‘सकाळी’, ‘सोमवारी’, ‘रात्री’ यांत ई हा एकच प्रत्यय आहे. इंग्रजी तेथे अनुक्रमे इन, ऑन आणि ॲट वापरते. रात्र हा अवधी असूनही ‘ॲट नाइट’ का, हा आक्षेप रास्त आहे. तो रूढीने आलेला अपवाद होय. तरीही वार जोडताच ‘ऑन मंडे नाइट’ होते, म्हणजे अपवादही दिवसापुढे नमतो. शनिवार-रविवारच्या सुटीला ब्रिटिश इंग्रजीत ॲट, तर अमेरिकन इंग्रजीत ऑन येते. तेथे रूढीच प्रमाण. धिस, लास्ट, नेक्स्ट, एव्हरी यांपैकी शब्द आधी असेल, तर ‘नेक्स्ट मंडे’प्रमाणे अव्ययच गळते.

तिथीमुळे दुसरी शंका निघते. तिथी मध्यरात्री बदलत नाही, दोन तारखांवर पसरू शकते. मग तिला ऑन कसे? याचे उत्तर पंचांगातच आहे. तिथी कितीही पसरली तरी सण पाळण्यासाठी पंचांग एक दिवस नेमून देते, आणि ऑन लागते ते त्या दिवसाला. उज्जैनच्या महाकाळेश्वर मंदिराच्या तिसऱ्या मजल्यावरील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला, मध्यरात्री उघडते. हे इंग्रजीत सांगताना दार उघडण्याच्या क्षणाला ‘ॲट मिडनाइट’ आणि सणाच्या दिवसाला ‘ऑन नागपंचमी’ म्हणावे लागते. तीच पंचमी कधी लागते आणि कधी संपते हे सांगायचे असेल, तर ती दिवस न राहता अवधी होते. तेथे ऑन सुटून ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ येतात.