पोर्ट वाईन घेताय? आधी लेबल वाचा

गोव्याहून येताना 'पोर्ट वाईन' म्हणून गोड लाल वाईनची स्वस्त बाटली अनेक जण आणतात. ती भारतातच बनलेली असते. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. नाक्यावर पकडली तर बाटली जप्त होते आणि केसही होते.

खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल साधारण १९ ते २२ टक्के होतं. गोडीमुळे हा कडकपणा पटकन कळत नाही, म्हणून छोटा ग्लास पुरे. अस्सल बाटलीच्या मानेवर तिथल्या सरकारी संस्थेची पट्टी असते, ती आधी बघावी.

नवख्याने महागड्या 'व्हिंटेज'च्या नादी लागू नये. तिच्यात गाळ असतो, शिवाय उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. 'रूबी' सगळ्यात स्वस्त, ताज्या फळांच्या चवीची. थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर 'एलबीव्ही' घ्यावी: एकाच वर्षीच्या द्राक्षांची, ४ ते ६ वर्षं लाकडात मुरलेली. पैसा वसूल होतो तो इथेच. सुक्यामेव्यासारखी चव हवी असेल तर १० वर्षांची 'टॉनी' बरी. उघडलेली टॉनी बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर महिनाभर तरी चांगली राहते.