दिएगो जाकोमेत्ती यांची कांस्य टेबले

दिएगो जाकोमेत्ती (१५ नोव्हेंबर, १९०२ – १५ जुलै, १९८५) या स्विस शिल्पकाराने पॅरिस येथे घडवलेली कांस्य टेबले ही विसाव्या शतकातील शिल्परूप फर्निचरची सर्वांत परिचित उदाहरणे मानली जातात. बारीक दांड्यांची चौकट, तिच्यावर बसवलेले पक्षी, बेडूक, घुबडे वा प्राण्यांची मस्तके आणि वर काचेचा, दगडाचा किंवा लाकडाचा फळा, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. दिएगो यांच्या मृत्यूनंतर या टेबलांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि त्याबरोबरच बनावट नगांचाही सुळसुळाट झाला. त्यामुळे या टेबलांच्या बाबतीत मालकीचा इतिहास हा रचनेइतकाच अभ्यासाचा विषय ठरला आहे.

पार्श्वभूमी

दिएगो हे चित्रकार जोव्हान्नी जाकोमेत्ती यांचे पुत्र व प्रसिद्ध शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्ती यांचे धाकटे बंधू. त्यांचे बालपण स्वित्झर्लंडमधील ब्रेगाल्या खोऱ्यात गेले. लहानपणी शेतीच्या यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना कायमची इजा झाली होती. पुढील आयुष्य हातकामावर काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात राहते. १९२५ साली ते पॅरिसला भावाकडे आले. मोंपार्नास भागातील इपोलित-मँद्रों रस्त्यावरच्या लहानशा कार्यशाळेत त्यांनी आल्बेर्तो यांच्या शिल्पांसाठी तारेचे सांगाडे बांधले, प्लास्टरचे साचे घेतले व ओतून आलेल्या कांस्यावर रंगछटा चढवल्या. आल्बेर्तो यांनी ज्यांना समोर बसवून वारंवार शिल्पे केली, त्यांत दिएगो प्रमुख होते.

१९३० च्या दशकात दोघा भावांनी गृहसजावटकार जाँ-मिशेल फ्रँक यांच्यासाठी दिवे, फुलदाण्या व शेगडीचे ठोकळे बनवले. यांतील बरेच काम दीर्घकाळ आल्बेर्तो यांच्याच नावावर ओळखले गेले. दुसऱ्या महायुद्धात आल्बेर्तो जिनिव्हात अडकले असता दिएगो कार्यशाळा सांभाळत पॅरिसमध्येच राहिले. १९५० नंतर ते स्वतःच्या नावाने फर्निचर करू लागले. मात्र भावाच्या कामाला त्यांनी जानेवारी १९६६ मधील आल्बेर्तो यांच्या मृत्यूपर्यंत अंतर दिले नाही.

घडण

दिएगो प्रत्येक भाग आधी प्लास्टरमध्ये हाताने घडवत. त्यावरून साचा घेऊन ओतशाळेत कांस्याचे ओतकाम होई. ओतून आलेले पाय, आडव्या दांड्या, पाने व प्राण्यांच्या आकृती कार्यशाळेत परत आणून ते जोडत, कानशीने घासत आणि उष्णता व रसायने यांच्या साहाय्याने तपकिरी वा हिरवट छटा देत. दांड्या यंत्रात काढल्यासारख्या सरळ व गुळगुळीत कधीच नसतात. बोटांचे दाब आणि हत्याराच्या खुणा त्यांवर जाणूनबुजून ठेवलेल्या असल्याने धातू मातीसारखा मऊ भासतो. वरचा फळा पुष्कळदा जाड काचेचा असण्याचे कारणही येथेच आहे: काचेतून खालची सगळी आकृती दिसत राहते, आणि टेबलाशी बसलेल्या माणसाला ती वरून, म्हणजे शिल्प सहसा ज्या बाजूने पाहिले जात नाही त्या बाजूने, पाहता येते.

आकृतिबंधांत इजिप्शियन व एट्रुस्कन कलेचे संस्कार जाणवतात. झाडाच्या फांद्यांचा आधार असलेली गोल टेबले, पानांची टेबले आणि पाळण्यासारख्या खोलगट चौकटीची बैठी टेबले हे त्यांचे वारंवार आढळणारे प्रकार होत. तेच बेडूक, तेच पक्षी वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या जागी येतात. एखाद्या ग्राहकासाठी घुबड, दुसऱ्यासाठी घोड्याचे मस्तक, असा बदल ते सहज करीत. म्हणून एकाच प्रकारच्या दोन टेबलांतही काही ना काही फरक आढळतो.

प्रमुख कामे

साँ-पोल-द-व्हाँस येथील मेग प्रतिष्ठानाच्या (१९६४) उपाहारगृहासाठी त्यांनी टेबले व खुर्च्या केल्या. झुरिकमधील क्रोनेनहाले बारमध्येही (१९६५) त्यांचे काम आहे. ही दोन्ही ठिकाणे लोकांच्या रोजच्या वापरातील असल्याने तेथील वस्तूंच्या उगमाविषयी वाद नाही. त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे पॅरिसमधील ओतेल साले या जुन्या वाड्यात उभारलेल्या पिकासो संग्रहालयाचे फर्निचर व दिवे. संग्रहालय सप्टेंबर १९८५ मध्ये खुले झाले. त्याआधी सुमारे दोन महिने दिएगो यांचे निधन झाले होते.

अस्सलपणा व मालकीचा इतिहास

फ्रान्समध्ये मूळ कांस्यशिल्पाच्या प्रती बारापर्यंत मर्यादित ठेवून त्यांवर क्रमांक घालण्याचा प्रघात आहे. दिएगो यांनी आपल्या फर्निचरला असे क्रमांक दिले नाहीत. ते स्वतःला कारागीर समजत व मागणीप्रमाणे नग बनवून देत. टेबलावर ‘दिएगो’ ही सही किंवा आद्याक्षरांचा ठसा असतो. आल्बेर्तो यांच्या कामाशी गल्लत होऊ नये म्हणून आडनाव टाळले जाई.

फसवणुकीला वाव मिळतो तो यामुळेच. अस्सल टेबलावरून साचा घेतला की सहीदेखील साच्यात उतरते, त्यामुळे केवळ सही हा पुरावा ठरत नाही. शिवाय सुटे भाग अनेक टेबलांत समान असल्याने, कधीच न घडवलेल्या ‘नव्या’ रचनाही त्यांतून जुळवता येतात. तांत्रिक तपासणीत मापांना महत्त्व असते. कांस्य थंड होताना साधारण दीड टक्का आकसते. म्हणून तयार कांस्यावरून घेतलेली नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते व तिचे बारकावे बोथट होतात. जोड, कानशीच्या खुणा व रंगछटेचे थरही पाहिले जातात. मात्र मूळ प्लास्टरवरूनच चोरून ओतलेल्या नगाला मापाची कसोटी लागू पडत नाही. अशा वेळी निर्णायक ठरतात ती कागदपत्रे: मागणीचा पत्रव्यवहार, रेखाटने, पैसे दिल्याच्या पावत्या, आणि दिएगो हयात असताना ग्राहकाच्या घरात घेतलेली, टेबल दिसणारी छायाचित्रे. कार्यशाळेतील प्लास्टरचा मोठा संच वारसांनी पॅरिसच्या सजावटी कला संग्रहालयाला दिल्यामुळे तुलनेसाठी एक विश्वसनीय आधार उपलब्ध झाला.

मालकीच्या इतिहासाचे बाजारातील मोल ६ मार्च २०१७ रोजी पॅरिसमध्ये क्रिस्टीजने केलेल्या लिलावात दिसले. फॅशन रचनाकार उबेर द जिव्हाँशी हे दिएगो यांचे स्नेही व अनेक वर्षांचे ग्राहक होते. त्यांनी थेट कलाकाराकडून घेतलेल्या वस्तूंचे २१ संच विक्रीस निघाले आणि एकूण सुमारे ३ कोटी २७ लाख युरो मिळाले. त्यांत स्त्री व पुरुष आकृतींनी तोललेले १९८३ च्या सुमाराचे अष्टकोनी टेबल ४० लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. कलाकाराच्या हातून एकाच घरात गेलेल्या आणि तेथून प्रथमच बाहेर पडणाऱ्या या वस्तूंच्या अस्सलपणाबद्दल खरेदीदारांना शंका घेण्याचे कारण नव्हते.